बिनपेट्रोलची बाग

सुपडूनाना महाजनांनी माझं चिकूचं रोप दोन्ही हातांत धरलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "यानं पेट्रोल पेलं आहे."

मी शपथेवर सांगितलं की रोप राजघाटाजवळच्या रोपवाटिकेतून पायी आणलंय. शपथ घेताना आवाज चांगला घट्ट ठेवला होता. कचेरीत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला तेवढं जमतं. पण नानांनी रोप पुन्हा हुंगलं.

"स्कूटरवर आलं. पुढच्या बाजूले, तुमच्या दोन पायांच्या मधी. चौकात ट्राफिकमधी पाच मिनिटं उभं होतं. बरोबर?"

बरोबर होतं. पाच नाही, सात मिनिटं उभं होतं, पण नानांचं नाक दोन मिनिटांनी चुकलं म्हणून कोण वाद घालणार.

"मग आता काय करू?"

"आता याले परत राजघाटावर न्या. पायी. तिथून पुन्हा घेऊन या. पायी. मग लावू."

"नाना, झाड हेच राहणार, खड्डा हाच राहणार. फरक काय पडणार?"

"माणूस तर बदलीन," नाना म्हणाले आणि दुसऱ्याची पिशवी हुंगायला वळले.

आता मी काही भोळा माणूस नाही. कोपऱ्यावर जाऊन तासभर चहा प्यायचा आणि घाम पुसत परत यायचं, असा माझा साधा बेत होता. पण नानांच्या नाकाची अशी दहशत बसली होती की चहाचा वास लपवायचा कुठं हे सुचेना. मग गेलो खरंच. काखेत चिकू घेऊन, भर दुपारी, चपला फटकारत. आणि सांगतो, त्या दिवशी मी बुऱ्हाणपूर पहिल्यांदा पाहिलं. जन्म गेला इथं, पण स्कूटरवरून गाव दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. गल्लीतल्या भिंतींच्या आडून पावरलूमचा खडखडाट पायांतून वर येतो हे मला ठाऊकच नव्हतं. जाताना एकदा आणि येताना एकदा मावा जिलेबी खाल्ली. तापीवर एक खंड्या बसला होता, त्यानं माझ्याकडं आणि चिकूकडं असं पाहिलं की मी आपसूक खिशातली रोपाची पावती चाचपली. परत आलो तेव्हा नानांनी रोप हुंगलं आणि म्हणाले, "आता झाड झालं. जिलेबीवालं झाड." आणि लावलं.

तर असे सुपडूनाना. मी बढाई मारणारा माणूस म्हणून बदनाम आहे, पण ते अन्यायाचं आहे. मी खोटं बोलत नाही. खऱ्याला थोडं खतपाणी घालतो, एवढंच. नानांच्या बाबतीत तर तेही घालावं लागत नाही.

नाना पस्तीस वर्षं कागदाच्या कारखान्यात होते. बांबूचे तुकडे करणाऱ्या मशीनवर. ते म्हणायचे, "पस्तीस वर्षं त्या मशीनच्या तोंडात मी बांबू देल्ला. घास भरवला. सातपुडा इतका मोठा होता, माह्या हातानं इतका राहिला." असं म्हणताना ते आधी दोन्ही हात पसरायचे, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक चिमट दाखवायचे. निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराला मिळालेला हार त्यांनी गळ्यात घालू दिला नाही. आधी विचारलं, "ही फुलं कोणत्या गाडीनं आली?"

शरीर म्हणाल तर उभ्या केलेल्या छत्रीसारखं. वर डोकं, खाली काठी, मध्ये फारसं काही नाही. सायकल मात्र भरभक्कम, काळी, चोवीस इंची. तिला ब्रेक नव्हते. थांबायचं असलं की नाना आधी उजवी चप्पल जमिनीवर घासायचे, मग डावी, मग समोरच्या माणसाला "सरक रे भाऊ" म्हणायचे. वर्षाला चपलांचे चार जोड लागायचे आणि सगळे टाचेकडून संपायचे. सायकलचा वेग असा, की एकदा नानांनी बाजारातून कोवळी गवार घेतली आणि घरी पोचेपर्यंत ती जून झाली. हे मला कमलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्वतः सांगितलं. काकू खोटं बोलत नसत. त्यांना नानांबरोबर राहून त्याची गरजच पडली नव्हती.

प्रवासाच्या साधनांची नानांनी पायरी लावली होती. सर्वांत वर पाय. मग सायकल. मग बैलगाडी. रेल्वे चालायची, कारण "ते तशीही जाणारच होती, आपल्यासाठी थोडीच निघाली". बस नाइलाजानं. रिक्षा फक्त बाळंतिणीला. मोटारगाडीचं नाव काढलं की ते कान चोळायचे.

एकदा भुसावळहून हापूसचं कलम घेऊन ते रेल्वेनं येत होते. कलमाला शेजारच्या सीटवर बसवलं होतं, खिडकीशी. तिकीट तपासनीस आला.

"हे कोणाचं?"

"माह्यासंग आहे."

"सीट अडवून बसलंय. याचं तिकीट?"

"याचं वय दीड वर्ष आहे साहेब," नाना म्हणाले. "पाचच्या आत तिकीट लागत नही."

तपासनीसानं नियम आठवून पाहिला. नियमात वय लिहिलं होतं, जात-प्रजात लिहिली नव्हती. तो पुढं गेला. एवढंच नाही, परत येताना त्यानं खिडकी अर्धी लावली आणि म्हणाला, "बच्चे को हवा लगेगी." यातलं शेवटचं वाक्य नानांनी सांगितलेलं नाही. ते मी घातलंय. पण शोभतं.

आता मूळ गोष्टीवर येतो.

आमच्या कॉलनीत बेचाळीस घरं. कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट होता, सगळ्यांच्या मालकीचा, म्हणून कोणाच्याच मालकीचा नसलेला. त्यावर फुटके कमोड, रेती, गाजरगवत आणि एक असं कुत्रं होतं की ज्याला कॉलनीनं मतदार यादीत घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. कॉलनीचे अध्यक्ष भागवतभाऊ. त्यांचे वडील अण्णा आधी अध्यक्ष होते. ते गेल्यावर भागवतभाऊ त्याच खुर्चीवर बसले. या भागवतभाऊंनी एक मोटार घेतली. लांबीला ती अशी होती की पुढचं चाक बुऱ्हाणपुरात आणि मागचं अजून शोरूममध्ये. ती आमच्या गल्लीत वळेचना. तेव्हा ती बाहेरच्या चौकात उन्हात उभी राहायची आणि भागवतभाऊ गच्चीवरून दर अर्ध्या तासानं तिच्याकडं बघायचे, सासरी दिलेल्या मुलीकडं बघावं तसे.

त्यांनी सभा बोलावली. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर पार्किंग करायचं. फरशी, शेड, गेट.

नाना उठले. "तिथं बाग करू."

"नाना, बाग कोन सांभालेगा? चार दिन लगाएंगे, फिर सूख जाएगी. तुम्ही तरी किती पाणी घालाल?" भागवतभाऊ म्हणाले.

"मी नही घालणार. ज्याचं झाड, तो घालीन. हर घराचं एक झाड."

"जगणार नाही एकपण."

"जगतीन."

बोलता बोलता दोघांचं असं जुंपलं की शेवटी कागदावर ठराव झाला. लिहून मीच घेतला, अक्षर माझं चांगलं आहे. प्रत्येक घरानं एक झाड लावायचं. पुढच्या वर्षी याच महिन्यातल्या पहिल्या रविवारी पाहणी. ज्या घराचं झाड जिवंत, त्या घराचं मत बागेला. ज्याचं मेलं, त्याचं मत पार्किंगला. जास्त मतं ज्या बाजूला, प्लॉट त्याचा. त्यापुढं कोणी तोंड उघडायचं नाही. भागवतभाऊंनी खुशीत सही केली. नानांनी सहीखाली एक ओळ वाढवून घेतली: झाड पेट्रोल-डिझेलवर आणलेलं नसावं.

आता इथं नानांची पहिली फजिती झाली. मृग लागला होता. आमच्याकडं मृगात प्रत्येक माणसाच्या काकाच्या, मामाच्या, साडूच्या शेतात केळीची लागण चालू असते, आणि केळीचे कंद बांधावर असे पडलेले असतात की ठेच लागते. "एक झाड आणा, पायी आणा," म्हटल्यावर कॉलनीनं डोकं चालवलंच नाही. रविवारी सकाळी नाना प्लॉटवर खुर्ची टाकून बसले, हुंगायच्या तयारीत. पहिला आला, पिशवीत केळीचा कंद. दुसरा आला, केळीचा कंद. तिसरी वहिनी पदराखाली काहीतरी झाकून आली तेव्हा नानांच्या डोळ्यांत आशा आली. केळीचा कंद.

दुपारपर्यंत एक्केचाळीस केळी, त्यात एक कमलकाकूंनी नानांच्या घराची म्हणून आणलेली, आणि एक माझा चिकू.

"अरे जांभूळ, सीताफळ, बकुळ, काही नही का जगात," नाना म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता. "जिल्हाभर केळी आहे. केळीतून सुटायसाठी मी बाग करू राह्यलो, अन् तुम्ही केळीत केळी आणली."

"तुम्ही कुठं म्हटलं केळी नको?" कोणीतरी म्हणालं.

ते खरं होतं. केळी नको हे सांगावं लागेल, असं नानांना वाटलंच नव्हतं. आणि केळी झाड नसेल, असं कॉलनीला वाटलं नव्हतं. लावली मग. एक्केचाळीस खड्डे, ओळीत.

पुढचं वर्ष कसं गेलं हे लिहायला एक पोथी लागेल. नळाचं पाणी बागेला घालायचं नाही, असा नानांचा दंडक. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, तेच बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी आणायचं. सहा वाजले की बेचाळीस घरांतून बेचाळीस बादल्या निघायच्या. ज्या दोन घरांनी गटारीवरून सात वर्षं तोंड फिरवलं होतं त्यांचे खड्डे नानांनी मुद्दाम शेजारी आखले होते. महिनाभर ती पाठीला पाठ लावून पाणी घालायची. दुसऱ्या महिन्यात एकीनं दुसरीच्या झाडाचं वाळकं पान ओढलं. तिसऱ्या महिन्यात दोघी मिळून तिसरीची उणीदुणी काढायला लागल्या, म्हणजे मैत्री पक्की झाली.

आणि उन्हाळ्यात तर ऊन असं पडलं की कावळे सावलीसाठी एकमेकांच्या खाली बसायचे. पण त्या प्लॉटवर शिरलं की अंगावर गारवा यायचा. त्या कुत्र्यानं तर तिथलीच एक जागा धरली होती आणि आपल्याला वळसा घालून जायला लावायचं.

सर्वांत जोमदार केळ कोणाची होती, सांगा. भागवतभाऊंची. म्हणजे त्यांच्या बायकोची, पुष्पावहिनींची. वहिनी रावेरकडच्या, बागायतदाराची लेक. केळ कशी वाढवायची हे त्यांच्या रक्तात. घड मोठा पाहिजे असला तर बुंध्याशेजारी जी पिलं फुटतात, ज्यांना आम्ही पील म्हणतो, ती सगळी कोयत्यानं छाटायची, म्हणजे झाडाचं सगळं बळ घडाला जातं. वहिनी दर शुक्रवारी न चुकता छाटायच्या. बाकीच्या कॉलनीला कोण छाटतंय. नानांचा तर जीवच होत नसे. "लहान आहे, राहू द्या," म्हणायचे आणि पुढं जायचे. त्यामुळं सगळ्यांच्या झाडांभोवती पिलांची शाळा भरलेली. एकट्या वहिनींच्या झाडाचा बुंधा स्वच्छ, आणि वर घड असा की खालून बघताना टोपी पडायची.

"तू पाणी काहून घालते?" भागवतभाऊ कळवळून विचारायचे. "ते झाड मेलं पाहिजे. माझी गाडी उन्हात उभी आहे."

"तुमच्या गाडीले कधी घड लागला का?" वहिनी विचारायच्या आणि बादली उचलायच्या.

वर्ष भरत आलं आणि एक्केचाळीस घड एकाच आठवड्यात पिकले. नानांनी झाडावरच पिकू दिले होते. आता प्रश्न आला, खाणार कोण. बाहेरच्यांना याची कल्पना येणार नाही. बुऱ्हाणपुरात कोणाला केळी देऊन पाहा. पाहुणा केळी घेऊन आला तर घरचे त्याच्या तोंडाकडं बघतात, की यानं आपलं काय बघितलं. घरोघरी आधीच फळी भरून केळी. गाईसुद्धा साल पाहून मान फिरवतात. बाजारात नेणारे ट्रक दारातून जात होते, पण ट्रक म्हणजे डिझेल, आणि नाना ट्रकच्या आडवे झोपले असते.

"इच्छापूरले नेऊ," नाना म्हणाले. "देवीच्या डोंगराखाली. तिथं लांबून लोकं येतात. ज्यांच्याकडं केळी नही अशी लोकं."

अशी लोकं जगात आहेत, ही बातमीच कॉलनीला नवी होती.

शनिवारी पहाटे घड उतरवले. घड उतरवायचा म्हणजे खोडावर मध्येच कोयता मारून झाड वाकवायचं आणि घड खांद्यावर घ्यायचा. एक्केचाळीस खोडं आडवी झाली. वीस सायकलींवर दोन-दोन घड आणि एकविसाव्या सायकलवर एकटा पुष्पावहिनींचा. तो दुसऱ्याबरोबर मावेना. वीस-बावीस किलोमीटर रस्ता. सर्वांत पुढं नाना, म्हणून सगळ्यांचा वेग गवार जून व्हायचा.

हायवेवर केळीनं भरलेले ट्रक मागून यायचे. एका ड्रायव्हरनं वेग कमी करून मान बाहेर काढली. "दादा, केळी घेऊन कुठं चालले?"

"इच्छापूरले. वाटायले."

तो पुढं गेला, मग थांबला, उतरून आला आणि नानांच्या कपाळाला हात लावून पाहिला. वाटेत शेताशेतातून लोक बघत होते. ऊन चढलेलं, म्हातारा नेता, घामाघूम माणसं. त्यांना दया आली. शहापूरच्या पुढं एका शेतकऱ्यानं आम्हाला पाणी पाजलं, सावलीत बसवलं आणि निघताना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून एक घड दिला. पुढच्यानं त्याचं बघून दुसरा. नको म्हटलं तर राग. निघताना एक्केचाळीस होते, इच्छापूरला पोचलो तेव्हा सेहेचाळीस. कमी जास्त मी केलेलं नाही, मोजलेले आहेत.

पण डोंगराखाली नशीब उभं होतं. लांबून आलेल्या दोन बसगाड्या. डझनावर केळी विकत घेणारी माणसं. त्यांना नानांनी घड दाखवला तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "पूर्ण? पूर्ण घड?" आणि डोळ्यांना पदर लावला. एका आजोबांनी नऊ खाल्ली आणि पायऱ्या चढायचा विचार पुढच्या वर्षावर ढकलला. आम्ही वर जाऊन देवीचं दर्शन घेतलं. पुजाऱ्यानं प्रसाद दिला. केळ होतं. नानांनी कपाळाला लावून खाल्लं.

रविवारी पाहणी.

सकाळी दहाला भागवतभाऊ कागद घेऊन प्लॉटवर आले आणि कडेलाच थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी कधी विसरणार नाही. एक्केचाळीस खोडं मधून तुटून पडलेली, पानं सुकत चाललेली, चिखल. उभं होतं एक माझं चिकूचं रोप, कंबरेएवढं, एकटंच, वर्गात एकच मूल हजर असावं तसं.

"नाना," भागवतभाऊ हळू म्हणाले, "ठराव वाचू?"

त्यांनी वाचला. झाड जिवंत असेल तर मत बागेला. मग कागद घडी करून विचारलं, "एका केळीला एकदाच घड लागतो. कापला, झाड गेलं. बरोबर ना? सब लोग जानते हैं. एक्केचाळीस मेली. चिकू एक. मी फरशीवाल्याला उद्या बोलावतो."

बेचाळीस घरांची माणसं उभी होती. सगळ्यांच्या सात पिढ्या केळीत गेलेल्या. केळ एकदाच विते आणि जाते, हे त्यांना पाळण्यात शिकवलेलं. आणि तरी एकाच्याही डोक्यात वर्षभरात आलं नव्हतं की पाहणीच्या आधी आपण स्वतःच्या हातानं आपली झाडं तोडणार आहोत. घड कापला की बागायतदार माणूस मागं बघतच नाही.

मी नानांकडं पाहिलं. ते आपल्या खड्ड्याशी गेले, खाली बसले आणि तुटलेल्या खोडावर हात ठेवला. मशीनवरची पस्तीस वर्षं त्या हातात उतरलेली दिसली. हळूच म्हणाले, "मीच मारला कोयता."

कमलकाकू पुढं झाल्या. "उठा. चिखल लागंल."

"लागू दे."

तेवढ्यात नानांच्या खोडाशेजारून, गुडघ्याएवढं, हिरवं, गुंडाळलेल्या छत्रीसारखं टोक वर आलेलं मला दिसलं. पील. शेजारच्या खड्ड्यात दुसरी. पुढं तीन एकदम. नाना छाटत नव्हते, कॉलनी आळशी होती, सगळीकडं पिलं उभी होती.

"ही जिवंत आहेत की," मी म्हणालो.

"ते झाड नाही, त्याचं पोरगं आहे," भागवतभाऊ म्हणाले. "ठराव झाडाचा आहे. लावलेल्या झाडाचा. पोरग्याला मत नाही."

सभेत कुजबुज झाली. कायदा त्यांच्या बाजूनं वाटत होता, आणि अक्षर माझं होतं.

मग मागून काठीचा आवाज आला. जिजी, भागवतभाऊंची आई. नव्वदीला टेकलेली बाई, ऐकू कमी यायचं, पण नको ते सगळं यायचं.

"भागवत, तू अध्यक्ष कधीपासून आहे?"

"जिजी, आता ते कशाले?"

"सांग ना."

"अण्णा गेले तेव्हापासून."

"अण्णा गेले. तेराव्याले तुले त्यांच्या खुर्चीवर बसवला. कोणी मत टाकलं?"

"नाही, पण ते..."

"कोणी म्हटलं का, का अध्यक्ष मेला, आता खुर्ची रिकामी? म्हटलं का कोणी, का हे झाड नही, झाडाचं पोरगं आहे?"

भागवतभाऊंनी सभेकडं पाहिलं. सभेनं चपलांकडं पाहिलं.

"तू पील हायेस म्हणूनच बसला ना?" जिजी म्हणाल्या. "मग या पिलायले बी बसू दे."

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, दोन-तीन लिहूनही दिली. एवढं लहान आणि एवढं जड भाषण ऐकलं नाही. भागवतभाऊंनी कागद उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. शेवटी म्हणाले, "मोजा."

मोजलं. प्रत्येक खड्ड्यात पील. एक, दोन, दहा, तीस. शेवटी एका खड्ड्याशी आलो आणि थांबलो. बुंधा स्वच्छ. गवताची काडी नाही. पुष्पावहिनींचा खड्डा.

"याला पील नाही," मी म्हणालो.

"नाही कशी?" भागवतभाऊ वाकले. माती उकरली. दुसऱ्या बाजूनं उकरली. आता ते पार्किंगवाले आहेत हे ते विसरून गेले होते. "सगळ्यांची जगली, माझीच काहून मेली?"

"मीच छाटल्या," वहिनी म्हणाल्या. "घडासाठी. शेवटची पण छाटली. ध्यानातच राह्यलं नही." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बागायतदाराच्या लेकीला याहून मोठी नामुष्की नाही.

एक्केचाळीस विरुद्ध एक. प्लॉट बागेचा झाला. लोक हसायला लागले, कुत्रं भुंकायला लागलं, पण नाना सगळ्यांना थांबवत भागवतभाऊंच्या खड्ड्याशी आले.

"तुमचं एक मत पार्किंगले पडलं. ते वाया नही जाऊ देणार. हा खड्डा तुमचा. इथं पार्किंग करा."

तीन बाय तीनचा खड्डा. भागवतभाऊंना आधी चेष्टा वाटली, पण नानांचा चेहरा गंभीर होता. मग त्यांनाही हक्काची गोष्ट म्हणून चढलं. त्यांनी खड्डा बुजवला, फरशी बसवली, चुन्यानं चौकोन आखला. दोन आठवडे तो चौकोन तसाच रिकामा, अध्यक्षाच्या मानाचा. तिसऱ्या आठवड्यात त्यात एक सायकल उभी दिसली. ती चालवत ते फक्त बाहेरच्या चौकापर्यंत जायचे, आणि तेही मोटार बघायला.

पुढं लवकरच माझी बदली खंडव्याला झाली. मधल्या काळात एकदा कमलकाकूंचा फोन आला. नाना झोपेतच गेले, म्हणाल्या. मी जाऊन आलो, दोन दिवस काकूंपाशी बसलो. पण नाना म्हटलं की मला ते दिवस दिसत नाहीत. मला दिसतो तो बदलीच्या वेळी माझं सामान ट्रकमध्ये भरायच्या आदल्या दिवशीचा सकाळचा प्रसंग.

बागेत पिलं अशी माजली होती की विरळ केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नानांनी ती छाटली नाहीत. कंदासकट उपटली, ओल्या पोत्यात गुंडाळली, कॅरिअरवर बांधली आणि निघाले. मी कामासाठी चाललो होतो, पायी. दोन कॉलन्या ओलांडून एका नव्या वस्तीत ते मला दिसले. तिथंही एक मोकळा प्लॉट, विटांचे तुकडे, प्लास्टिक. नाना त्याच्या कडेनं पावलं टाकून मोजत होते. वरच्या गच्चीतून एक बाई ओरडली.

"ओ बाबा, इथं काय करू राह्यले? ती जागा आमची आहे."

"हाव. म्हणूनच तर आलो," नाना म्हणाले. त्यांनी पोत्यातून एक पील काढली आणि तिला दिसेल अशी वर धरली. "बाई, घोटभर पाणी आहे का?"

बाई पुटपुटत आत गेली, आणि बऱ्याच वेळानं खाली आली ती तांब्या घेऊन. नानांनी तांब्या घेतला, सगळा पोत्यावर ओतला, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला.

"आता मले," ते म्हणाले.